चूल की शेत? शेणाचा जुना हिशेब

मागच्या वेळी आपण मिठाबद्दल बोललो. मीठ विकत घ्यावं लागतं, त्यावर कर बसतो, कराची भांडणं होतात, आणि म्हणून मिठाची कागदपत्रं सापडतात. आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती खेड्यात बहुतेक काळ कुणी विकत घेतली नाही, तिच्यावर कर बसला नाही, त्यामुळे दप्तरात ती फारशी दिसत नाही. ती वस्तू म्हणजे शेण.

हसू आलं असेल तर येऊ द्या. पण आपल्याकडे एक म्हण आहे: शेण पडलं की माती घेऊनच उठतं. ही म्हण आपण बदनामीबद्दल वापरतो. आज तिचा थोडा वेगळा अर्थ लावून बघू. शेणाचा इतिहास उचलायला जावं, तर त्याच्याबरोबर जमीन उचलली जाते, जंगल उचललं जातं, जात उचलली जाते, आणि ते शेण ज्यांनी रोज उचललं त्या बायकांचे हातही दिसायला लागतात. आजच्या व्याख्यानाचा प्रश्न साधा आहे. शेण चुलीत जावं की शेतात? आणि हे ठरवलं कुणी?

सुरुवात खूप मागून करू, पण तिथे फार रेंगाळायचं नाही. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या पट्ट्यात, म्हणजे बल्लारी, रायचूर, यादगीर या बाजूला, राखेच्या टेकड्या आहेत. काही ठिकाणी राख इतकी वितळलेली की भट्टीतल्या मळीसारखी दिसते. स्थानिक लोक सांगत, ही राक्षसाची चिता. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी कुणाला ज्वालामुखी वाटला, कुणाला धातू गाळायची जागा वाटली. रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ साली उतनूर इथे उत्खनन केलं तेव्हा राखेच्या थरांत जनावरांच्या खुरांचे ठसे सापडले. प्रयोगशाळेतल्या तपासणीनेही हेच दाखवलं की ही जळलेल्या शेणाची राख आहे. पुढे आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पदय्या यांनी बुदिहाळला मोठं उत्खनन केलं आणि राखेच्या टेकडीशेजारी माणसांची वस्तीही होती हे समोर आलं. म्हणजे चार-पाच हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये गुरं पाळणारी माणसं शेणाचे ढीग लावत होती आणि पेटवत होती. का पेटवत होती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. कुणी सणासोहळ्याचं कारण देतं, कुणी स्वच्छतेचं. पण आपल्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे: इथल्या माणसाचा आणि शेणाचा संबंध शेतीइतकाच जुना आहे.

आता थेट घरात येऊ. जुन्या खेड्यातल्या घरात सकाळी गोठ्यात शेण पडलं की त्याच्या वाटण्या होत. थोडं अंगणात सड्याला. थोडं सारवणाला. बरंचसं गोवऱ्या थापायला, म्हणजे कोकणात आणि कोल्हापूरकडे म्हणतात त्या शेणी. उरलेलं उकिरड्यावर, खताला. हे शेण थापायचं, वाळवायचं, मग गोवऱ्यांची उडवी रचायची आणि पावसाळ्याआधी तिला वरून लिंपून घ्यायचं. एक जनावर दिवसाला साधारण दहा किलो ओलं शेण देतं. त्यातलं बहुतेक पाणीच असतं. वाळलं की हातात दोनेक किलो गोवऱ्या येतात. म्हणजे दहा किलो उचलायचे, कालवायचे, थापायचे, तेव्हा दोन किलो जळण.

सारवण का करायचं? आपण पटकन पावित्र्यावर जातो, पण आधी काम बघा. भुई चोपून घट्ट केली तरी वाळल्यावर मातीला भेगा पडतात, धूळ उठते. शेणात न पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात, भेगा पडू देत नाहीत, धूळ बसवतात. म्हणून भुई सारवायची, भिंत सारवायची, धान्याची कणगी सारवायची म्हणजे तिच्या फटी बुजतात, आणि सुगीच्या आधी खळं सारवायचं म्हणजे मळणीत दाण्यात माती येत नाही. हे सारवण आठ-पंधरा दिवसांत उडतं. पुन्हा करावं लागतं. गुडघ्यावर बसून, हाताने, मागे सरकत सरकत.

जळण म्हणूनही गोवरीचा स्वतःचा गुण होता. लाकूड भडकतं, गोवरी धुमसते. दूध तापत ठेवायला, डाळ शिजत ठेवायला, रात्री राखेखाली विस्तव जपायला गोवरीच बरी. कुंभाराच्या भट्टीत ती लागायची. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवत, कारण धाव सगळीकडून सारखी तापायला हवी. शेणाची राख भांडी घासायला आणि कडधान्यात मिसळून कीड रोखायला. आता सांगा, एवढ्या कामांच्या वस्तूला फुकट म्हणायचं का? ती फुकट वाटली, कारण तिच्यामागची मजुरी घरातल्या बाईची होती.

आणि हेच शेण पंचगव्यात गेलं की पवित्र. पण १८४८ नंतर पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर काय फेकलं गेलं? शेण आणि चिखल. त्या बरोबर दुसरं लुगडं नेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकाच वस्तूने अंगण शुद्ध होतं आणि माणसाचा अपमानही होतो. शेण पवित्र की अपवित्र हे शेणावर कधीच ठरलं नाही. ते कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या अंगावर पडतंय, यावर ठरलं.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या शेणाचं काहीतरी बिनसलं. १८७८ साली नवा वन कायदा आला. राखीव जंगलं आखली गेली. गावकरी ज्या रानातून सरपण आणत, जिथे गुरं चारत, तिथे आता परवानगी, दंड, कोंडवाडा. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर जो राग काढला आहे, तो याच कारणाने. गायरान गेलं, गुरं उपाशी, गुरं घटली की खत घटलं, खत घटलं की पीक घटलं. आणखी एक दुवा त्यात जोडून बघा: रानातलं सरपण बंद झालं की चूल कशावर पेटणार? गोठ्यातल्या शेणावर. म्हणजे एकीकडे शेण कमी झालं आणि दुसरीकडे त्यातलं जास्त शेण चुलीत जायला लागलं. शेताला दोन्हीकडून तोटा.

सरकारी वर्तुळात मात्र समज असा की हिंदी शेतकरी अडाणी आहे, खताची किंमत त्याला कळत नाही, म्हणून तो खत जाळतो. हा समज खोडून काढणारा माणूस सरकारनेच आणला होता. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ. ते १८८९ साली इथे आले, देशभर फिरले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापला गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेतकऱ्याला खताची किंमत पुरेपूर कळते. जिथे सरपण मिळतं तिथे तो शेण शेतात घालतो. जिथे मिळत नाही तिथे नाइलाजाने जाळतो. तेव्हा उपदेश करू नका, गावाजवळ सरपणाची आणि चाऱ्याची राखीव रानं तयार करा. मंडळी, ही शिफारस सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. फुले आणि व्होल्कर एकमेकांपासून किती लांबची माणसं! एक सत्यशोधक, एक इंग्रज रसायनतज्ज्ञ. पण दोघांचं बोट एकाच जागेवर टेकतं: शेणाचा प्रश्न गोठ्यात सुटणार नाही, तो रानात सुटेल.

यात रसायन काय आहे तेही सांगून ठेवू. शेण जाळलं की त्यातला नत्र धुरावाटे जातो. पालाश, स्फुरद राखेत राहतात. म्हणून आपल्या आज्या राख परसात टाकत त्यात अर्थ होता. पण नत्र गेला तो गेला, आणि जमिनीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय भागही गेला.

मग पुढचा प्रश्न आला: शेण चुलीत जाणारच असेल, तर शेतासाठी थोड्या शेणात जास्त खत होईल का? याचं उत्तर होळकरांच्या इंदूरमध्ये शोधलं गेलं. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर होते यशवंत वाड. १९३१ साली शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याबद्दल दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. कृती अशी: पऱ्हाट्या, पाचट, तण, पालापाचोळा यांचे थर लावायचे, त्यात थोडं शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख घालायची, पाणी द्यायचं, ठरावीक दिवसांनी ढीग तीनदा उलटायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. इथे शेणाचं काम विरजणासारखं. दूध वेगळं, विरजण चमचाभर. या 'इंदूर पद्धती'ने हॉवर्ड जगभर सेंद्रिय शेतीचे एक जनक ठरले. वाडांचं नाव मात्र आपल्यातल्या किती जणांनी आज पहिल्यांदा ऐकलं?

ही पद्धत पसरली कुठे, हेही बघण्यासारखं आहे. ती आधी चहा-कॉफीच्या मळ्यांत पसरली. कारण उघड आहे. ढीग रचायला, भिजवायला, तीनदा उलटायला माणसं लागतात. मळ्यात मजूर होते. दोन बैलांच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे ना तेवढं पाणी, ना तेवढे हात. बऱ्याच वर्षांनी यवतमाळ जिल्ह्यात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी याच अडचणीवर उपाय काढला. विटांची जाळीदार टाकी, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. थर भरायचे, वरून लिंपायचं, आणि उलटायचं नाही. हवा भिंतीच्या भोकांतून जाते. शंभर किलो शेणात अडीच-तीन टन खत मिळतं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून याला नाडेप पद्धत म्हणतात. इंदूरला जो प्रश्न मजुरीपाशी अडला, तो पुसदला निम्मा तरी सुटला.

दुसरी वाट गोबर गॅसची. इथे चूल आणि शेत यांचं भांडणच मिटेल अशी आशा होती. शेण हवाबंद टाकीत कुजवलं की गॅस मिळतो, त्यात निम्म्याहून जास्त मिथेन, तो चुलीला. आणि मागे राहणारी स्लरी शेताला, नत्रासकट. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून असा गॅस धरण्याचा प्रयोग १८९७ सालचा आहे. शेणावरचं काम १९३०च्या दशकाच्या शेवटी दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केलं. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तरंगत्या लोखंडी टोपीचा संच बनवला आणि नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, अनुदान आलं. तुमच्यापैकी अनेकांच्या गावी परसात ती गंजलेली टोपी अजून दिसत असेल.

महाराष्ट्रात या कामाला एक वेगळं वळण मिळालं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातले अप्पासाहेब पटवर्धन. त्यांचा मूळ विषय होता संडास सफाई, कारण मैला वाहण्याचं काम एका जातीच्या डोक्यावर होतं आणि ते त्यांना मोडायचं होतं. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी आयुष्यभर संडासाला जोडलेल्या गॅस संचांवर काम केलं. सुरुवातीचे संडास टिकले नाहीत, लोक हसले, पण ते तिथेच राहिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. इथे गॅस दुय्यम आहे. मुख्य गोष्ट, कुणाच्या हाताला घाण लागते हा प्रश्न विचारला गेला.

आता गोबर गॅसचं दुसरं अंग. घरगुती स्वयंपाकाच्या, दोन घनमीटरच्या संचाला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं. म्हणजे चार-पाच जनावरं, शिवाय जागा, पाणी, आणि अनुदान धरूनही पदरचे पैसे. हे कुणाकडे होतं? बागायतदाराकडे. भूमिहीन बाईकडे काय होतं? टोपली. ती गायरानात, वाटेवर, गुरांच्या मागे फिरून शेण वेचायची. ते शेण कुणाचंच नव्हतं म्हणून तिचं होतं. शेणाला मोल आलं, गुरं गोठ्यात बांधली गेली, तेव्हा वाटेवरचं शेण आटलं. एका घरी धूर संपला आणि दुसऱ्या घरची चूल थंड झाली. ही गोष्ट गोबर गॅसच्या विरोधात सांगत नाही आहोत. योजना आखताना तो टोपलीवाला हक्क कुणाच्या हिशेबात नव्हता, एवढंच म्हणायचं आहे.

आणि त्या टोपलीत फक्त जळण नव्हतं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं. त्यात त्यांच्या आजी, संतामाय, शेणात न पचता आलेले ज्वारीचे दाणे वेचतात, धुतात, वाळवून दळतात आणि त्याची भाकरी करतात. आपण एखाद्याला किती सहज म्हणतो, अमक्याने शेण खाल्लं! हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत त्या भाकरीची नोंदही आहे. शेणाच्या पारंपरिक उपयोगांची यादी करताना ही नोंद वगळली, तर ती यादी खोटी ठरेल.

तसंच दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. गोवरीचा धूर बंद घरात डोळे आणि फुप्फुसं खातो, आणि तो सगळ्यात जास्त बाई आणि तिच्याजवळचं मूल घेतं. दुसरं, नवजात बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या प्रथेतून धनुर्वात होऊन बाळं दगावली आहेत. परंपरेत जमिनीचं शहाणपण होतं, म्हणून ती जखमेवर चालेल असं नाही.

आता आजच्या काळात येऊ. कोल्हापूरला पंचगंगेच्या स्मशानभूमीत दहनासाठी शेणी वापरतात, आणि होळीला शेणी जाळण्याऐवजी त्या स्मशानभूमीला द्याव्यात म्हणून शहरातली मंडळी शेणी गोळा करतात. अमरावतीचे सुभाष पाळेकर यांचं जीवामृत तर तुम्ही ऐकलं असेलच: दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, दोनशे लिटर पाणी, एका एकराला. परिणामांबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण कल्पना बघा, पुन्हा तेच विरजण. २०२१ साली खादी ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून केलेला भिंतीचा रंग बाजारात आणला. म्हणजे सारवण डब्यात भरलं.

छत्तीसगडने २०२० साली सरकारी दराने शेण विकत घ्यायला सुरुवात केली, किलोला दोन रुपये. त्यात गुरं नसलेले, फक्त शेण वेचणारे लोकही विक्रेते म्हणून नोंदले गेले. आपल्या त्या टोपलीवालीला पहिल्यांदा वहीत नाव मिळालं, म्हणून या योजनेची इतिहासात नोंद राहायला हवी. आणि इंदूर? हॉवर्ड-वाडांच्या त्याच इंदुरात २०२२ साली दिवसाला ५५० टन क्षमतेचा गोबरधन प्रकल्प सुरू झाला. गंमत अशी, की तो चालतो शहराच्या ओल्या कचऱ्यावर. गोबर नावात उरला.

यात एक खंतही आहे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरली. ट्रॅक्टर आला, बैल गेला, गायरानांवर अतिक्रमणं झाली. गोवऱ्या आता ऑनलाइन विकत मिळतात, पूजेसाठी, पाकिटात. पण शेतकरी शेणखताची ट्रॉली विकत घ्यायला निघतो तेव्हा भाव ऐकून परत फिरतो.

तर, चूल की शेत? दीडशे वर्षं आपण हा प्रश्न शेण जाळणाऱ्या बाईला विचारत आलो, जणू ठरवणं तिच्या हातात होतं. तिच्यापुढे पर्याय होता तेव्हा तिने शेण शेतातच घातलं. सरपण, रान, पाणी, गॅस यांतलं काहीच नव्हतं, तेव्हा तिने चूल पेटवली, कारण शेत सहा महिन्यांनी मागतं आणि पोरं संध्याकाळी मागतात.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात अजून एखादी आजी असेल जिने गोवऱ्या थापल्या आहेत. तिला विचारा: शेण कुठून आणायचात? कुणाचं असायचं? दिवसाला किती थापायचात? कुणी अडवायचं का? आणि ती जे सांगेल ते लिहून, गावाच्या नावासकट, आम्हाला पाठवा. दप्तरात हे सापडत नाही, ते तिच्यापाशीच आहे, आणि त्याला फार वर्षं उरलेली नाहीत.

पुढच्या वेळी गायरानांबद्दल बोलू. शेणाबरोबर माती उठलीच आहे, तर ती जमीन नेमकी गेली कुठे तेही बघायला हवं.